रंधा, कटर आणि आपली बोटं: वर्कशॉपमधल्या सुरक्षिततेबद्दल बोलूया

उद्यमनगरकर

नमस्कार मंडळी.

आमच्या शेडमध्ये फर्निचर आणि फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न (ओतकामाचा साचा घ्यायचा लाकडी नमुना) अशी दोन्ही कामं चालतात. कोल्हापूर भागात शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इकडं कामानिमित्त सुतारांच्या शेडवर जाणं होतं आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी एकच वाक्य ऐकू येतं: "लक्ष देऊन काम करायचं, मग काही होत नाही." हे वाक्य मला अजिबात पटत नाही. दिवसभर पात्याजवळून लाकूड ढकलणाऱ्या माणसाचं लक्ष कधी ना कधी हलणारच. फोन वाजतो, कुणी हाक मारतं, लाकडात गाठ लागते. त्या घटकेला बोट वाचवायचं काम मशीनवरच्या बंदोबस्तानं करायचं असतं, आणि आपल्याकडं नेमका तोच काढून कोपऱ्यात ठेवलेला असतो किंवा मशीनबरोबर आलेलाच नसतो. म्हणून माणसाला दम देण्याआधी मशीन नीट करूया, एवढंच मला या धाग्यात म्हणायचं आहे.

सुरुवात जोड मशीनपासून करतो, कारण लहान शेडमध्ये तेच जास्त दिसतं. मधे रंध्याचा ब्लॉक (पाती बसवलेला फिरता ठोकळा), शाफ्टच्या एका टोकाला चक्री म्हणजे कटरचं गोल दाती पातं, काहींना ड्रिलचा चकही. मोटर एक, पट्टा एक, शाफ्ट एक. म्हणजे फळी रंधताना बाजूची चक्रीही तेवढ्याच वेगानं फिरत असते. रंधणाऱ्याचे डोळे ब्लॉकवर, आणि भुसा ओढणारा पोरगा चक्रीशेजारी वाकलेला. चक्री लागत नसेल तेव्हा नट सोडवून ती शाफ्टवरून उतरवायची, हा एकच उपाय मला खात्रीचा वाटतो. दिवसातून चार वेळा रंधा-कटर अदलाबदल होत असेल तर चक्री पूर्ण झाकणारी प्लायवूडची पेटी करा आणि रंधताना ती बोल्टनं अडकवा. नुसती वर ठेवलेली पेटी हादऱ्यानं सरकते.

आता ब्लॉककडं बघा. जुन्या मशीनचा ब्लॉक चौकोनी असतो. चौकोनी ब्लॉकच्या कडांमध्ये मोठी पोकळी राहते. हात घसरला की बोट त्या पोकळीत ओढलं जातं आणि पेरच्या पेर जातं. गोल ब्लॉकमध्ये पात्याची धार मिलिमीटरभरच बाहेर असते. जखम तिथंही होते, पण खोली कमी राहते. मशीन जुनं आणि ब्लॉक चौकोनी असेल तर बाकी खर्च थांबवून आधी तो बदला. ब्लॉकवर आडवा येणारा, वरखाली सरकणारा गार्डही हवा, म्हणजे फळीच्या रुंदीएवढीच फट उघडी राहील. फूटभरापेक्षा आखूड तुकडा रंध्यावर घालूच नये. तळहात ब्लॉकच्या वर येता कामा नये. गवंड्याच्या थापीसारखी मूठ लावलेली फळी घ्या, मागच्या कडेला खाली खाच ठेवा, ती लाकूड ढकलते.

चक्रीवर मात्र जरा सविस्तर लिहितो, कारण "लाकूड मागं मारतं" म्हणजे नेमकं काय होतं हे कामगारांना कुणी समजावून सांगत नाही.

चक्रीचे पुढचे दात लाकूड टेबलावर दाबत खाली जातात. मागचे दात टेबलातून वर येत असतात. चिरलेली फट मागं उघडी राहिली तर त्या मागच्या दातांना धरायला काही मिळत नाही. पण सागवान ओलं असेल, फळीत ताण असेल, तर चिरल्याबरोबर फट मिटते आणि पातं चिमटलं जातं. किंवा सुटलेला तुकडा गाईड (लाकूड सरळ ठेवणारा बाजूचा आधार) आणि पातं यांच्यामध्ये तिरका होतो. मग मागचे दात लाकूड उचलतात आणि तुमच्या अंगावर फेकतात. 10 इंची पातं मिनिटाला 2,880 फेऱ्यांनी फिरत असेल तर दातांचा वेग ताशी 138 किलोमीटरच्या आसपास येतो. तुकडा त्या वेगाच्या जवळपास सुटतो. पोटात, मांडीत, तोंडावर बसतो. त्याहून वाईट म्हणजे लाकूड हाताखालून निघून जातं आणि जोर लावून ढकलणारा हात रिकाम्या जागेतून थेट पात्यावर जातो. बोटं जायचं हे मोठं कारण आहे, आणि त्या क्षणी माणूस पूर्ण लक्ष देऊनच काम करत असतो.

याला उपाय आहे पात्यामागं उभी राहणारी पोलादी पट्टी, कॅटलॉगमध्ये तिला रायव्हिंग नाइफ म्हणतात. ती फट मिटू देत नाही. पात्याच्या गोलाईप्रमाणं कापलेली, दातांपासून 3 ते 8 मिलिमीटर अंतरावर आणि पात्याच्या माथ्यापेक्षा किंचित खाली. जाडी महत्त्वाची: पात्याच्या पत्र्यापेक्षा जाड, पण दातांनी पडणाऱ्या चिरेपेक्षा बारीक.

ढकलकाठी 45 सेंटिमीटरपेक्षा आखूड नको, टोकाला व्ही खाच. शेवटच्या फूटभर लाकडाला हात लावायचा नाही, काठीनंच सरकवायचं. आणि उभं राहताना पात्याच्या रेषेत राहू नका, थोडं बाजूला सरका.

तुमच्या शेडमध्ये काय आहे, काय नाही, लिहा.

माळावरचा_सुतार

दादा, लिहिलंय चांगलं, पण माझं मत जरा वायलं हाय. आमच्या वडलांनी उभी हयात उघड्या कटरवर काढली, धाई बोटं शाबूत. गार्ड लावला की रेघ दिसत न्हाई. खाच मारायची झाली की ती मागची पट्टी काढावी लागती, आन एकदा काढली की कोण परत लावत बसतंय? गिऱ्हाईक वास्तुशांतीची तारीख काढून बसलेलं असतंय. आन साईटवर तर आम्ही मार्बल कटर पाटावर उलटा बसवूनच काम करतो. समद्या जिल्ह्यात तसंच चालतंय. मोठं मशीन काय तिसऱ्या मजल्यावर न्यायचं?

उद्यमनगरकर

माळावरचे दादा, तुमच्या वडिलांचा हात धरणारा कारागीर आज मिळणार नाही, हे मी मनापासून म्हणतो. पण त्यांच्या काळातलं लाकूड वेगळं होतं आणि घाई वेगळी होती. वर्षभर वाळवलेलं सागवान मिळायचं. आज टिंबर मार्केटमधून सकाळी आणलेली फळी दुपारी चक्रीवर चढते, आणि पावसाळ्यात तर ती हाताला गार लागते. तीच फळी पातं चिमटते.

रेघ दिसत नाही हे खरं आहे, पत्र्याच्या गार्डमधून दिसतच नाही. जाड पॉलिकार्बोनेटचा गार्ड लावा. ॲक्रिलिक नको, ते तडकतं. आणि खाच मारायला पट्टी काढावी लागते, कारण आपल्याकडं ती पात्याच्या वर काढून त्यावरच गार्ड टांगतात. गार्डची कमान वेगळी, छतातून किंवा बाजूच्या खांबावरून आणली आणि पट्टी पात्याच्या माथ्यापेक्षा दोन मिलिमीटर खाली ठेवली, तर खाच मारतानाही ती जागच्या जागी राहते. काढायची वेळच येत नाही.

उलट्या कटरबद्दल मी तुमच्याशी भांडणार आहे. मार्बल कटर मिनिटाला 12 ते 13 हजार फेरे फिरतो. तो फरशीवर हातानं दाबून चालवायला केलेला. उलटा केला की त्याचा गार्ड गेला, बटण खाली पाटाच्या आत गेलं, आणि बहुतेक लोक ते बटण लॉक करून बोर्डाच्या स्विचवरून चालू-बंद करतात. पातं अडकलं तर बंद करायला तुम्ही हात लांब करून बोर्डापर्यंत जाणार का?

वायरमन

मी पंपांच्या आणि मशीनच्या वायरिंगची कामं करतो. कागल, हातकणंगले, पन्हाळा भागातल्या बऱ्याच शेडमध्ये जाणं होतं. लाकडाचं तुम्ही बघा, मी विजेचं लिहितो, कारण त्याकडं कुणीच बघत नाही.

सुतारशेडमध्ये मोटरीला साधा स्विच किंवा चेंजओव्हरची खटकी लावलेली असते. लाईट गेली की मशीन थांबतं. माणूस म्हणतो, गेली वाटतं, आणि तेवढ्यात पात्यात अडकलेला तुकडा काढायला हात घालतो. स्विच मात्र चालूच राहिलेला. लाईट आली की पातं फिरतं, कुणीही बटण न दाबता.

उपाय आपल्याकडं प्रत्येक विहिरीवर आहे. शेतातल्या मोटरीचा हिरव्या-लाल बटणाचा डीओएल स्टार्टर. त्याच्या आत कॉइल असते. वीज गेली की कॉइल सुटते, कॉन्टॅक्ट उघडतात, आणि वीज परत आली तरी हिरवं बटण दाबेपर्यंत मोटर फिरत नाही. तोच स्टार्टर तुमच्या चक्रीला लावा. सिंगल फेजचाही मिळतो. ओव्हरलोड रिले मोटरीच्या ॲम्पियरला जुळवून घ्या. पातं बोथट झालं आणि मोटर ओढायला लागली तर तो ट्रिप होतो, म्हणजे धार लावायची वेळ झाली हेही कळतं.

फक्त एक करू नका. शेतात रात्री-अपरात्री उठायला नको म्हणून स्टार्टरला ऑटो स्विच जोडतात, लाईट आली की पंप आपोआप सुरू. जुना स्टार्टर शेतातून काढून शेडमध्ये आणला असेल तर तो ऑटो आधी तोडून टाका. एका शेडमध्ये मी हे डोळ्यांनी बघितलं आहे: ऑटोसकट स्टार्टर रंध्याच्या मोटरीला. मालकाला सांगितलं आणि तिथल्या तिथं वायर काढली.

थ्री फेजवाल्यांनी अजून एक लक्षात ठेवा. लाईनवर किंवा डीपीवर काम झालं आणि दोन फेज अदलाबदल झाले की मोटर उलटी फिरते. पंप उलटा फिरला तर पाणी नीट येत नाही. चक्री उलटी फिरली तर पात्याचा नट ढिला होऊ शकतो आणि लाकूड भलत्या दिशेला जातं. डीपीवर काम झाल्याचं कळलं की लाकूड न लावता बटण क्षणभर दाबून दिशा बघायची. फेज सिक्वेन्सचा रिले बसवला तर तीही काळजी नाही.

बंद करायचं लाल छत्रीवालं बटण गुडघ्याच्या किंवा मांडीच्या उंचीवर घ्या. दोन्ही हात लाकडावर असताना मांडीनं दाबता आलं पाहिजे. अर्थिंग आणि 30 मिलिॲम्पिअरची आरसीसीबी (वीज गळती झाली की लाईन तोडणारा स्विच) हे सांगायला नको, पण सांगतोच.

नवशिका

मी नोकरी करतो, राजारामपुरीत राहतो, सुट्टीत गच्चीवर लाकूडकाम करायला लागलोय. ऑनलाइन 4 इंची अँगल ग्राइंडर घेतला आणि त्याला लाकडाचं 40 दाती पातं मिळालं. व्हिडिओत सगळे तेच वापरतात. यात काही धोका आहे का? राउटरही घ्यायचा विचार आहे.

शिसवी

नवशिका, ते पातं आजच ग्राइंडरवरून काढा, कृपा करून. मी उगाच घाबरवत नाही, कारण सांगते.

4 इंची ग्राइंडर मिनिटाला 11,000 फेऱ्यांच्या आसपास फिरतो. तो घासून कापणाऱ्या चकतीसाठी आहे. चकती अडकली तर ती घासत राहते किंवा तुटते. दाती पातं लाकडात चावतं, अडकलं की पूर्ण ग्राइंडर तुमच्या हातातून उसळतो. त्याला खाली टेकायला तळपट्टी नाही, खोलीचा अटकाव नाही, गार्ड पात्याचा अर्धा भाग उघडा ठेवतो. मांडीला, पोटाला, गळ्याला लागतं, कारण आपण ते अंगाजवळ धरतो. शिवाय कित्येक पात्यांवर लिहिलेली कमाल फेऱ्यांची मर्यादा ग्राइंडरच्या वेगापेक्षा कमी असते. पात्यावरचा आकडा वाचायची सवय लावा.

गच्चीवर हात-सर्क्युलर सॉ घ्या, खाली थर्माकोलची जाड शीट अंथरा, त्यावर प्लायवूड ठेवा, सरळ पट्टी शिकंज्यानं आवळा आणि तिच्या कडेनं कापा. नवशिक्याला टेबल सॉपेक्षा हे कितीतरी बरं.

राउटर घेतलात तर दिशा शिका. लाकडाच्या बाहेरच्या कडेनं हातातला राउटर डावीकडून उजवीकडं न्यायचा, म्हणजे बिट लाकडाला विरोध करत कापतो. उलट नेला तर तो स्वतःच पळायला लागतो. टेबलाखाली उलटा बसवला की दिशाही उलटी, लाकूड उजवीकडून डावीकडं. एका दमात खोल कापू नका. आणि बिट बदलताना प्लग काढून समोर, डोळ्यांना दिसेल असा ठेवा. स्विच बंद आहे यावर विसंबू नका.

नवशिका

काढलं. शिसवीताई, मनापासून आभार. पात्यावर 8,500 लिहिलेलं आहे, आत्ता वाचलं.

फाउंड्री_कट्टा

पॅटर्न शॉपमधून लिहितो. कोल्हापूरच्या फाउंड्रीला आजही लाकडी पॅटर्न लागतात, आणि आमचं काम फर्निचरपेक्षा वेगळं आहे. तुकडे लहान, आकार गोल, आणि मोजमाप धातू गार होताना आकसतो त्याचा हिशेब धरून. त्यामुळं आमची मशीनं म्हणजे बँड सॉ, डिस्क सँडर आणि लेथ. यांच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही, कारण ती गरीब वाटतात.

बँड सॉ लाकूड मागं मारत नाही, म्हणून पोरं त्यावर निर्धास्त होतात. पण ती पट्टी बोट तितक्याच सहज कापते. वरचा गाईड लाकडाच्या वर सेंटिमीटरभर येईपर्यंत खाली आणायचा, उरलेलं पातं उघडं ठेवायचं नाही. प्रत्येक नव्या जाडीला गाईड हलवायचा कंटाळा केला की तीन-चार इंच पातं मोकळं फिरतं. गोल ओंडका किंवा कोअर बॉक्सचा (ओतकामात आतली पोकळी राखायच्या साच्याचा) गोल तुकडा कधीही नुसता धरून कापायचा नाही. पातं त्याला फिरवतं आणि हात त्याच्याबरोबर आत जातो. व्ही आकाराच्या पाळण्यात शिकंज्यानं धरा.

डिस्क सँडरवर फक्त खाली जाणाऱ्या बाजूला काम. वर येणाऱ्या बाजूला तुकडा उडतो. टेबल आणि चकती यातली फट दोन मिलिमीटरच्या आत ठेवा. ती फट वाढली की पातळ तुकडा आणि त्यामागचं नख आत ओढलं जातं. चकतीचा कागद बदलताना टेबल मागं सरकवतात आणि पुढं आणायचं राहून जातं, तिथंच हे होतं.

लेथवर पॉलिश करताना हातात कापडाचा बोळा धरतात, तेही बोटाला गुंडाळून. कापड जॉबला अडकलं तर बोट सोडवायला वेळ मिळत नाही. कागदी टिश्यूचा तुकडा वापरा, तो फाटतो. चकची चावी काम झाल्यावर चकमध्येच सोडून द्यायची, ही सवय आमच्याकडं शिकाऊ पोरांना पहिल्या दिवशी मोडायला लावतात. चावी चकमध्ये ठेवून हात काढायचाच नाही.

लाकूडवेडी

खेळणी आणि पोळपाट-लाटणी बनवते, माझ्याबरोबर गावातल्या काही बायका काम करतात. कपड्यांबद्दल लिहायला हवं असं वाटतं, कारण वरचं सगळं मशीनबद्दल झालं.

आमच्याकडं नियम असा: ओढणी घरी, साडी असेल तर वरून पूर्ण बाह्यांचा नव्हे तर अर्ध्या बाह्यांचा सुती एप्रन, पदर आत खोचलेला. वेणीचा अंबाडा, त्यावर रुमाल. बांगड्या काढायचं सांगताना पहिल्यांदा अवघड गेलं. सौभाग्याचं लेणं काढा असं कसं म्हणायचं? मग एकीनंच मार्ग काढला. कामावर आल्यावर बांगड्या एका डब्यात, डबा देवाच्या फोटोजवळ, जाताना पुन्हा हातात. आता कुणाला त्याचं काही वाटत नाही. पुरुषांच्या मनगटातला गंडा, कडं, अंगठी, गळ्यातला गमछा यांनाही हाच नियम आहे, आणि ते बायकांपेक्षा जास्त कुरकुर करतात.

हातमोज्यांबद्दल गैरसमज फार आहे. लाकूड उचलताना, फळ्या उतरवताना हातमोजे घाला. फिरत्या मशीनवर घालू नका. ड्रिल, लेथ, चक्री, कुठंच नाही. मोज्याचा धागा अडकला की अख्खा हात ओढला जातो. उघडं बोट निदान सुटायची शक्यता असते.

आणि धूळ. लाकडाची धूळ कर्करोगकारक आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 1995 सालीच जाहीर केलं. नाक आणि सायनसचा कर्करोग त्यात येतो. सागवान आणि शिसवीच्या धुळीनं कातडीला खाज आणि दम्यासारखा त्रास होणारे लोक आपण सगळेच ओळखतो. एमडीएफमध्ये फॉर्मल्डिहाइडचा डिंक असतो, ते तर अजून वाईट. रुमाल बांधून बारीक धूळ अडत नाही, एन 95 मास्क लागतो. दिवसाच्या शेवटी ब्लोअरनं भुसा उडवतात ना, तो सगळा श्वासात जातो. व्हॅक्यूमनं ओढा, नाहीतर पाणी शिंपडून झाडा. आणि भुशाच्या ढिगाजवळ बिडी नको.

परिचारिका_सीबीएस

मी अपघात विभागात काम केलं आहे. गावाहून मंडळी तुटलेलं बोट घेऊन येतात तेव्हा ते बोट बहुतेक वेळा चुकीच्या पद्धतीनं आणलेलं असतं. म्हणून लिहिते, आणि हे प्रत्येक शेडच्या भिंतीवर लावा.

मशीन बंद करा. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात हृदयापेक्षा वर धरा. दाब सोडून सारखं बघू नका. हळद, चहापूड, चुना, डिझेल, काहीही भरू नका. ते काढतानाच सर्जनचा निम्मा वेळ जातो. हातात अंगठी असेल तर सूज यायच्या आत काढा.

तुटलेलं बोट भुशातून शोधा. लहान तुकडा असला तरी टाकू नका. माती लागली असेल तर स्वच्छ पाण्यानं अलगद धुवा, घासू नका. मग ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा, आणि ती पिशवी बर्फ-पाणी असलेल्या दुसऱ्या पिशवीत किंवा डब्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवलं तर ते गोठतं आणि जोडण्यासारखं राहत नाही. थेट पाण्यात बुडवलं तरी खराब होतं. रसवंतीवाल्याकडं, मासेवाल्याकडं बर्फ मिळतो, तो आणायला एकाला पळवा आणि बाकीच्यांनी निघा.

गार ठेवलेलं बोट बरेच तास टिकतं, उन्हात उघडं ठेवलेलं लवकर जातं. निघताना 108 ला फोन करा किंवा स्वतःची गाडी काढा, पण त्याचबरोबर रुग्णालयात फोन करून बोट जोडणारा प्लास्टिक सर्जन उपलब्ध आहे का हे विचारा. आधी सीपीआर (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय), मग तिथून दुसरीकडं, असं फिरण्यात तास जातात. रुग्णाला वाटेत चहा-पाणी देऊ नका, भूल द्यावी लागू शकते. शेवटचं धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते कामगाराच्या नावासमोर शेडमध्येच लिहून ठेवलं तर फार मदत होते.

गडहिंग्लजकर

हे सगळं वाचून एक विचारतो. कायद्यात यातलं काही आहे का, की सगळं आपल्या मर्जीवर?

उद्यमनगरकर

आहे. 1948 च्या कारखाने कायद्यात यंत्रांच्या धोकादायक भागांना संरक्षण असावं हे 21 व्या कलमात होतं, आणि धोक्यांची पूर्ण माहिती, शिवाय पुरेसं प्रशिक्षण किंवा देखरेख असल्याशिवाय अल्पवयीन कामगाराला धोकादायक यंत्रावर लावू नये हे 23 व्या कलमात. नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याची जागा 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेनं घेतली आहे. जुन्या कायद्याखालच्या 1963 च्या महाराष्ट्र कारखाने नियमांमध्ये लाकूडकामाच्या यंत्रांसाठी वेगळं परिशिष्ट होतं. पात्यामागची पट्टी, ढकलकाठी, रंध्याला गोल ब्लॉक आणि वरचा आडवा गार्ड या चारही गोष्टी त्यात लिहिलेल्या होत्या. म्हणजे मी वर जे मागितलं ते साठ वर्षांपूर्वीच मागून झालेलं आहे.

दोन-चार माणसांच्या शेडला कारखान्याची व्याख्या लागू होत नाही, हे खरं. पण पातं माणसं मोजून कापत नाही. आणि शाळा सोडून आलेल्या पोराला "जरा मागून ओढ" म्हणून चक्रीमागं उभं करणं थांबलं पाहिजे. मागून ओढणारा जोरात ओढतो, पुढच्याचा हात लाकडाबरोबर पात्याकडं जातो. मागच्या बाजूला माणसाऐवजी रोलरचा स्टँड ठेवा.

माळावरचा_सुतार

वाचून गप बसवंना म्हणून लिवतो. वायरमनदादांचा स्टार्टरचा मुद्दा शंभर टक्के पटला. आमच्याकडं लाईट दिसातनं किती येळा जाती-येती हे काय सांगायचं. शेतातला जुना स्टार्टर पडून हाय, तो बसवतो, ऑटो काढून. मागं ओढायला धाकटा भाऊ असतो, त्येलाबी बाजूला करतो.

मागची पट्टी करून घीन म्हणतो, पर माप समजावून सांगा. आन उलट्या कटरचं मातर तुम्ही सांगितल्यालं साईटवर जमायचं न्हाई. मजुरी फुटावर हाय. त्येला दुसरं काय हाय सांगा.

शिसवी

दादा, साईटसाठी घडीचं टेबल सॉ मिळतं, 8 किंवा 10 इंची, वीस-पंचवीस किलोचं, दोघांनी जिन्यावरून नेता येतं. गार्ड, पट्टी आणि वीज गेल्यावर बंद राहणारा स्विच त्यातच असतो, फक्त घेताना तपासून घ्या. महाग आहे हे मान्य. दोघा-तिघा सुतारांनी मिळून घेतलं तर परवडतं. ते होईपर्यंत प्लायवूडच्या मोठ्या शीट वर सांगितल्याप्रमाणं हात-सॉ आणि पट्टीनं कापा. उलट्या कटरची निम्मी कामं त्यातच संपतात. बारीक पट्ट्या शेडमध्येच चिरून साईटवर न्या.

माळावरचा_सुतार

निम्म्याचं पटलं. बाकीचं बगू.

फाउंड्री_कट्टा

खंडेनवमीचं एक सुचवतो. त्या दिवशी तसंही मशीन बंद असतं, आपण धुऊन पुसून पूजा करतो. पूजेआधी प्लग काढून पट्टा, बेअरिंग, पात्याचे दात, गार्डचे बोल्ट आणि पट्टीची जाडी सगळं एकदा तपासून घ्या. तडा गेलेलं पातं त्या दिवशी बाजूला काढा. आणि दुसऱ्या दिवशी मशीन सुरू करायच्या आधी हार आणि स्टार्टरला बांधलेला दोरा काढून घ्या. हार शाफ्टला गुंडाळलेला मी पाहिला आहे.

उद्यमनगरकर

खंडेनवमीचं उत्तम. आमच्याकडंही यंदापासून तसंच करू.

माळावरचे दादा, पट्टीचं माप. पात्याच्या मध्यावर पत्र्याची जाडी व्हर्नियरनं घ्या. मग एका फालतू लाकडात अर्धवट चीर मारून तिची रुंदी घ्या. 10 इंची कार्बाइड पात्याला पत्रा साधारण 2 आणि चीर 3 मिलिमीटर येते, तेव्हा पट्टी अडीचची. तुमचं पातं पातळ असेल तर आकडे बदलतील, म्हणून मोजूनच घ्या. पातं कागदावर ठेवून गोल आखा, बाहेर 5 मिलिमीटर सोडून दुसरी रेघ मारा, पट्टीची आतली कड त्या रेघेवर. उद्यमनगरात लेझर कटिंगवाला कागद बघून तासाभरात कापून देतो. कडा घासून गुळगुळीत करा, लाकूड अडकता कामा नये. पट्टी पात्याबरोबर वरखाली व्हायला हवी, म्हणून ती टेबलाला नव्हे, बेअरिंगच्या ब्रॅकेटला दोन बोल्टनं धरा. टेबल वरखाली होणारं जोड मशीन असेल तर हे आपोआप साधतं. बसवल्यावर सरळ पट्टी पात्याला टेकवून बघा, पातं आणि पट्टी एका रेषेत आली पाहिजेत. एका बाजूला झुकली तर तीच लाकूड अडवेल.

ब्रॅकेटचा फोटो आणि बेअरिंगचा नंबर इथं टाका, भोकांची जागा मी आखून देतो.